भर दुपारची बॅटरी

आमचे मॅनेजर दिवटे साहेब भर दुपारी बॅटरी लावून चालतात.

मे महिना असो, देवासचं ऊन पत्र्यावर पापड भाजेल इतकं असो, साहेब गेटपासून निघाले की हातातली लांब, चंदेरी, तीन सेलांची बॅटरी चालू. बरं, उजेड पुढे टाकतील तर शपथ. हात मागे, बॅटरी स्वतःच्या टाचेजवळ, तोंड जमिनीकडे. मागून येणाऱ्या माणसाच्या पावलापुढे उजेडाचा एक गोल पडला पाहिजे. उन्हात तो गोल दिसतसुद्धा नाही. पण साहेबांच्या लेखी तो तिथे असतो.

मी पहिल्यांदा त्या गेटवर उभी राहिले तेव्हा असंच ऊन होतं आणि तरी माझे हात गार पडले होते. आम्ही कवठे महांकाळकडचे. नवरा माल वाहायच्या गाडीवर ड्रायव्हर, त्याच्या मालकाने इकडे धंदा हलवला म्हणून आम्हीही हललो. मी आठवीत शाळा सोडलेली. हिंदी कानावर पडली की अर्धी कळायची, अर्धी मनाने भरायची. त्यात एवढी मोठी फॅक्टरी. रखवालदाराने आत निरोप दिला आणि थोड्या वेळाने पांढरा शर्ट, पायात करकरणाऱ्या चपला, नाकावर घसरलेला चष्मा असे एक गृहस्थ पेटलेली बॅटरी घेऊन बाहेर आले.

"यावे," ते म्हणाले आणि पाठ फिरवून चालू लागले. "पायरी आहे, भिया."

मी मागे वळून बघितलं, की माझ्या मागे कोण भैया आहे. कोणी नव्हतं. माळव्यात भिया म्हणजे भाऊ, हे मला नंतर कळलं. आणि दिवटे साहेब सगळ्यांनाच भिया म्हणतात, हे त्याच्याही नंतर. बायकांना भिया, रखवालदाराला भिया, मोठ्या सेठजींना भिया, गेटवरच्या कुत्रीलाही भिया. "सरकावे भिया, गाडी येते आहे," असं तिला म्हणताना मी स्वतः ऐकलंय. ती सरकते.

आमची फॅक्टरी कुकरच्या रबरी रिंगांची. तुमच्या घरी कुकरची शिट्टी वेळेवर होत असेल तर त्यात थोडा हात आमचाही आहे. वरच्या हॉलमध्ये तापलेल्या साच्यांत रबर शिजतं, खालच्या हॉलमध्ये आम्ही अकरा बायका बसतो आणि रिंगेच्या कडेला राहिलेली रबराची झालर बारीक कात्रीने कापतो. दोन हॉलांच्या मध्ये तीन पायऱ्या. त्यातली मधली बाकी दोघींपेक्षा बोटभर उंच. बांधणाऱ्याने काय मनात धरून बांधली देव जाणे, पण नवा माणूस तिथे ठेचकाळतोच. दिवटे साहेबांचं निम्मं आयुष्य त्या एका पायरीपाशी गेलं असावं. ती फोडून नीट करा म्हणून त्यांनी वर अर्ज दिलाय. अर्ज दिला तेव्हा त्यांचे केस काळे होते म्हणतात. "होईल, भिया. तोवर मी आहे."

त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे फॉर्म ठेवला. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला हिंदी. मी पेन धरून बसले ती बसलेच. कपाळावरून घाम फॉर्मवर पडला. साहेबांनी फॉर्म हळूच ओढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि दोन रिंगा पुढे केल्या.

"आपली हरकत नसेल तर डोळे मिटावेत, आणि सांगावं, यातली कुठली शिट्टी होऊ देणार नाही?"

मी डोळे मिटून बोटं फिरवली. डाव्या हातातल्या रिंगेला एका जागी मुंगी चावल्यासारखी खोच होती. ती मी पुढे केली.

"वा! उद्यापासून यावे." मी उठले, तशी त्यांनी बॅटरी उचलली आणि थबकले. "पण थांबा. घरी विचारून सांगतो."

झालं. ती रात्र मी काट्यांवर काढल्यासारखी काढली. एवढ्या मोठ्या फॅक्टरीची नोकरी यांच्या घरी कुणाला तरी विचारून ठरणार! सकाळी गेले तर साहेब गेटवर हसत उभे. "घरून होकार आहे."

हे 'घरी विचारून सांगतो' सगळ्याच बाबतीत असायचं. साचा बदलायचा, घरी विचारून सांगतो. रबराचा गठ्ठा परत पाठवायचा, घरी विचारून. दिवाळीला कामगारांना सोनपापडी द्यायची की बालूशाही, तेही घरी विचारून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर हमखास तयार. आमच्यात सगळ्यांत जुनी रामकन्या जीजी. इथलीच, टोंकखुर्दकडची. ती कात्री चालवत म्हणायची, "फॅक्टरी तो वैनीसाब चला री है. साब तो खाली बैटरी पकड़े है."

वैनीसाहेबांना आमच्यापैकी कोणी बघितलं नव्हतं. पण आमचं त्यांच्याविषयी चांगलं मत होतं. बालूशाहीचा निकाल त्यांनी आमच्या बाजूने दिला होता. एका संक्रांतीला मी त्यांच्यासाठी डबीत तिळगूळ दिला, तर दुसऱ्या दिवशी साहेब डबी परत देत म्हणाले, "घरी आवडला. गूळ किंचित जास्त झाला, म्हणाल्या." मी घरी जाऊन चाखून बघितला. खरंच जास्त होता. मला त्या न बघितलेल्या बाईचा फार आदर वाटला.

साहेब मूळचे धारचे. तिथल्या जुन्या मराठी घरांतले. त्यांची मराठी आमच्यापेक्षा निराळी, पोथीतल्यासारखी. 'यावे', 'बसावे', 'उपाहार घ्यावा', आणि मध्येच 'अपन को क्या'. मी एकदा धीर करून विचारलं, "साहेब, तुमचे पूर्वज सरदार होते का?"

ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "सरदार! छे, छे. आम्ही दिवटे. दिवटी धरणारे. सरदारांच्या स्वाऱ्या निघत, तेव्हा पुढे मशाल घेऊन चालायचं, ते आमचे खापरपणजोबा. आता मराठीत वाया गेलेल्या पोरालाही दिवटाच म्हणतात. घराण्यात तेही झाले." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "लोकांचा घोटाळा काय होतो, भिया, की पुढे चालतो तो मोठा असं वाटतं. आमच्याकडे पुढे चालायचा तो नोकर. मोठा माणूस मागून येतो. त्याला ठेच लागली तर दोष कुणाचा? पुढच्याचा."

"म्हणून तुम्ही दिवसा बॅटरी लावता?"

"दिवसा ठेच लागत नाही का?"

मी माझ्या पायाकडे बघितलं. सकाळी मधल्या पायरीला ठेचकाळलेला अंगठा अजून दुखत होता.

दिवटीवाल्याने मागे वळून बघायचं नाही, हाही त्यांचा एक नियम. वळलं की हात वळतो, हात वळला की उजेड हलतो. त्यामुळे साहेब माणसं पावलांवरून ओळखत. मागे कोण येतंय हे न बघता सांगत. "जीजी, चपलेचा अंगठा तुटायला आलाय." "भिया, आज उजवा गुडघा दुखतोय वाटतं." लोक गमतीने पाय बदलून चालत, तरी ओळखत.

कामाला लागून चारेक महिने झाले होते. गावाहून फोन आला की आईला दवाखान्यात ठेवलंय. मी नवी, सुट्टी मागायची कशी? मागितली आणि नोकरी गेली तर? मी तोंड धुऊन, कुंकू नीट लावून, कुणाला कळू नये अशी कामावर आले. साहेब पुढे, मी मागे. दुसऱ्या पायरीवर ते मागे न बघताच म्हणाले, "आज पाऊल जड पडतंय, भिया. घरी सगळं ठीक?"

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले.

त्या दिवशी मात्र त्यांनी घरी विचारलं नाही. दुपारी चारच्या बसला स्वतः सोडायला आले. देवासचा बसस्टँड, ती गर्दी, भेळेच्या गाड्या, ऑटोवाल्यांचा आरडाओरडा, आणि त्यातून एक माणूस भर उन्हात बॅटरी पेटवून चाललाय, मागे मी पिशवी घेऊन. लोक वाट देत होते. काय समजून देत होते कोण जाणे. बसच्या दारापाशी थांबून त्यांनी खाली उजेड टाकला. "पायरी आहे." पंधरा दिवसांनी आईला बरं वाटल्यावर मी परत आले तर माझी कात्री कापडात गुंडाळून माझ्याच जागेवर ठेवलेली होती.

म्हणून पुढे जे झालं त्याचा मला जास्त त्रास झाला. कारण ते माझ्या हाताने झालं.

गेल्या वर्षी छोटे सेठ कारभारात आले. मोठ्या सेठजींचे चिरंजीव. बाहेर मोठं शिक्षण घेऊन आलेले, वागायला चांगले, पण तोंडात सारखा एक शब्द. लीडरशिप. चहा पितानाही लीडरशिप. त्यांनी इंदूरहून एक शिकवणारे सर बोलावले. सरांनी आम्हा सगळ्यांना वरच्या हॉलमध्ये जमवलं आणि एक खेळ मांडला. एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि त्याच्या साहेबाने त्याला हुकूम देत देत, खुर्च्यांच्या मधून, समोरच्या लाल रेघेपर्यंत न्यायचं. जीजीच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. दिवटे साहेबांनी बॅटरी पेटवली.

"सर, उनकी आँखें बंधी हैं," शिकवणारे म्हणाले. "टॉर्च किसलिए?"

"राहू द्या, भिया. हाताला सवय आहे."

आणि निघाले. पुढे. पाठमोरे. तोंडाने एक शब्द नाही, फक्त चपला मुद्दाम करकर वाजवत. "ऑर्डर दीजिए! लेफ्ट! राइट!" सर ओरडत होते. साहेब म्हणाले, "त्यांची हरकत नसेल तर येतील." आणि जीजी त्या करकरीच्या मागोमाग एकाही खुर्चीला न अडखळता चालत गेली, लाल रेघेवरून गेली, दारातून गेली, तिन्ही पायऱ्या उतरली आणि थेट चहाच्या टपरीपाशी जाऊन थांबली. कारण चार वाजले होते आणि ती चहाची वेळ होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग दोन दिवसांनी फॉर्म आले. 'आपल्या मॅनेजरबद्दल आपले मत.' नाव लिहायचं नाही, मनातलं खरं लिहायचं. एव्हाना मीही हिंदी वाचायला शिकले होते. आमच्यात हिंदी वाचू शकणाऱ्या तिघी, आणि बाकीच्या दोघींना लिहायचा कंटाळा. तेव्हा अकराही फॉर्म माझ्याकडे आले. मी वाचायचं, त्या सांगणार, मी खूण करायची. आठवीत सुटलेली पाटी पुन्हा हातात आल्यासारखं मला वाटलं. मी पदर खोचून बसले.

"साहेब स्पष्ट हुकूम देतात का?"

"कदी नी!" जीजी छाती फुगवून म्हणाली. "लिख दे बेन. आज तक एक हुकुम नी दियो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी अकरा वेळा 'कभी नहीं' वर खूण केली, प्रत्येक वेळी ठळक.

"निर्णय स्वतः घेतात का?"

"नी. घर पूछ के लेते हैं." तसंच लिहिलं. त्यांना मोठेपणाची हाव नाही हे वरच्यांना कळावं म्हणून.

"चुकीला कडक शिक्षा करतात का?" कधीच नाही. "कामगारांवर दरारा आहे का?" छे! दरारा कशाला असेल? मी तर खाली मोकळ्या जागेत स्वतःचंही एक वाक्य जोडलं, की आमच्या साहेबांसारखा न ओरडणारा माणूस दुसरा नाही. फॉर्मची चळत दिली तेव्हा मला वाटलं, चला, थोडं तरी फेडलं.

सोमवारी भिंतीवर मोठा कागद लागला. चार विभागांचे चार मॅनेजर, चार रंगीत खांब. तीन खांब उंच. दिवटे साहेबांचा खांब म्हणजे निवडुंगाच्या कुंडीत नुकता उगवलेला कोंब. खाली लिहिलं होतं, नेतृत्वगुण अत्यल्प. छोटे सेठ सगळ्यांसमोर अगदी मायेने म्हणाले, "काका, बुरा मत मानिए. ये आपके ही लोगों ने लिखा है." मग सांगितलं, पहिल्या तारखेपासून आमच्या हॉलांवर नवे मॅनेजर येतील, इंजिनियर आहेत. काकांना वर केबिन, एसी, आरामखुर्ची. सल्लागार.

दिवटे साहेबांनी खांबाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "घरी विचारून सांगतो."

आम्ही खाली येऊन बसलो. कात्र्या चालेनात. आरामखुर्चीत बसलेले दिवटे साहेब कुणाच्या पुढे चालणार? "हमने तो तारीफ लिखी थी," एकजण म्हणाली. जीजी माझ्याकडे बघत होती. ती रागावली नव्हती, पण मला वाटलं रागावली आहे. अकरा फॉर्मवर अक्षर माझं एकटीचं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी उठले. छोट्या सेठना भेटायचं होतं. आयुष्यात मी कुठल्या सेठच्या केबिनमध्ये गेले नव्हते. पायऱ्यांपाशी साहेब उभे होतेच.

"कुठे जायचं, भिया?"

"छोट्या सेठकडे."

का, ते त्यांनी विचारलं नाही. बॅटरी पेटवली आणि पुढे झाले. त्यांच्याच नोकरीबद्दल बोलायला मी चालले होते आणि तेच मला दिवा दाखवत नेत होते. केबिनच्या दारात बाजूला सरकले. "उंबरा आहे."

आत मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. माझी हिंदी तेव्हा पार घसरली होती. फॉर्म चुकीचे भरले, एवढं मी तीनदा म्हणाले.

"तो क्या दिवटे काका ऑर्डर देते हैं?" सेठनी विचारलं.

"नहीं देते."

"फैसले खुद लेते हैं?"

"नहीं."

"फिर गलत क्या लिखा?"

चुकीचं काहीच लिहिलं नव्हतं. पण मी जे लिहिलं ते यांनी वाचलं नव्हतं, हे कसं सांगायचं? शेवटी मी म्हणाले, "सेठजी, वो पूछते हैं, रिंग में कहीं खोच है क्या, देख लें? फिर हम देखते हैं. रोज देखते हैं. वो नहीं पूछें तो भी देखते हैं."

सेठनी बराच वेळ पेन फिरवलं. मग म्हणाले, "ठीक है. दोबारा भर दीजिए. सोच के."

आणि आम्ही विचार करून भरले. फारच विचार करून. या वेळी काय लिहायचं ते आम्हाला आता कळलं होतं. हुकूम देतात का? हमेशा! जीजी म्हणाली, "लिख, दिन भर देते हैं." निर्णय एकटे घेतात का? एकटेच, कुणाचं ऐकत नाहीत. शिक्षा? फार कडक. दरारा? त्यांना बघून थरथर कापतो. एकीने तर सांगितलं, लिही, एकदा कात्री फेकून मारली होती. ते मात्र मी लिहिलं नाही. तरी खांब असा वर गेला की कागद पुरेना. चारही मॅनेजरांत दिवटे साहेब पहिले.

कागद लागला त्या सकाळी साहेब आमच्या हॉलमध्ये आले. बॅटरी बंद होती. ती बंद मी पहिल्यांदाच बघितली.

"मी ओरडतो?" त्यांनी विचारलं.

आम्ही कात्र्या खाली ठेवल्या.

"आपण थरथर कापता? मला बघून?" त्यांचा आवाजच कापत होता. "कधी झालं असं? मला कसं कळलं नाही, भिया? पावलांवरून कळायला हवं होतं."

माणसाला वाचवायला आम्ही त्याचं वाईट लिहिलं होतं, आणि त्या माणसाने ते खरं मानलं होतं! जीजीने कपाळावर हात मारून घेतला. मी उठून सगळं सांगितलं, पहिल्या फॉर्मपासून. ते ऐकत राहिले. मग चष्मा पुसला, बंद बॅटरी तशीच धरून वर सेठच्या केबिनमध्ये गेले आणि मागोमाग दारापर्यंत गेलेल्या मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "भिया, दुसरा कागद खोटा आहे. पहिला लावावा."

"काका, पहले में आप फेल हैं."

"असेन. पण तो मीच आहे."

मग छोट्या सेठचं हसणं ऐकू आलं. चेष्टेचं नव्हतं. ते म्हणाले, माझे मार्क कमी करा म्हणून भांडायला आलेला माणूस त्यांनी आजवर बघितला नाही. इंजिनियर येणार ते येणारच, त्यांना पत्र गेलंय. पण केबिन राहू द्या. तो मुलगा नवा आहे, त्याला इथलं काही माहीत नाही, रिटायर होईपर्यंत काका त्याच्यासोबत हॉलमध्ये राहतील का? त्याच्या पुढे चालतील का?

खापरपणजोबांचंच काम होतं ते. मागून मोठा माणूस येणार आणि पुढे दिवटे. मला वाटलं, आता साहेब तिथल्या तिथे हो म्हणतील.

ते म्हणाले, "घरी विचारून सांगतो."

संध्याकाळी पाचला भोंगा झाला. बाकीच्या पुढे गेल्या, मी कात्र्या मोजून ठेवत मागे राहिले. मोजणी सांगायला वर गेले तर साहेब अजून ऑफिसच्या दारात उभे. हातात डबा, बॅटरी टेबलावरच.

"साहेब, बॅटरी राहिली."

"हो का." पण आत गेले नाहीत. फार थकलेले दिसले.

मग मला काय सुचलं कोण जाणे. मी आत गेले, बॅटरी उचलली, पेटवली, हात मागे नेला आणि त्यांच्या पुढे झाले.

"अहो, हे काय," ते म्हणाले. "मला मागून चालता येत नाही."

"तुमची हरकत नसेल तर यावे," मी म्हटलं.

वरच्या हॉलमधले साचे निवत होते, रबराचा वास होता, खिडक्यांतून पिवळं ऊन आत आलं होतं. मी चालू लागले. मागे करकर वाजली. इतकी वर्षं मी त्यांची पाठ बघितली होती, पण पाऊल कधी ऐकलं नव्हतं. आता ऐकलं. एक पाऊल पडायचं, मग जरा विचार केल्यासारखं थांबून दुसरं. मधूनच चप्पल घासायची. घरी जायची घाई असलेल्या माणसाचं पाऊल असं नसतं. मी अकरा बायकांसोबत रोज पाचला बाहेर पडते, मला ते पाऊल माहीत आहे.

पहिल्या पायरीपाशी मी मागे न बघता म्हटलं, "साहेब, आज पाऊल जड पडतंय. घरी सगळं ठीक?"

करकर थांबली.

"घरी," ते म्हणाले. डब्याची कडी वाजली. मग, "घरी कोणी नाही, भिया. आपण कामाला लागलात त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेली ती. धारचं घरही बंदच आहे."

मी वळणार होते. पण हात वळला तर उजेड हलला असता.

"आधी खरंच विचारायचो. सगळं विचारायचो, तिला समजायचंही माझ्यापेक्षा जास्त. मग सवय राहिली. इथे खोलीवर रात्री फोटोपुढे बसतो, सांगतो काय काय झालं. ती काही बोलत नाही. मग सकाळी मलाच काहीतरी ठरवून तिच्या नावावर सांगावं लागतं."

मला तिळगुळाची डबी आठवली. गूळ किंचित जास्त झाला, म्हणाल्या.

"आणि हे सेठचं?" मी विचारलं. "त्याचं काय ठरवलंत?"

"कळत नाही. नवा मुलगा हुशार आहे म्हणतात. त्याला माझ्या बॅटरीचं हसू आलं तर?" मग इतक्या हळू आवाजात बोलले की क्षणभर वाटलं, फोटोशीच बोलताहेत. "आपल्याला काय वाटतं?"

मला आजवर मोठी गोष्ट कोणी विचारली नाही. शाळा सोडायची का, लग्न करायचं का, इतक्या लांब यायचं का, सगळं ठरवून झाल्यावर मला कळलं. मी बॅटरी घट्ट धरली.

"हो म्हणा," मी म्हटलं. "हसू दे त्याला. ती मधली पायरी त्याला अजून माहीत नाही."

मागून चप्पल एकदा करकरली, सावकाश, पण या वेळी घासली नाही. मी बॅटरी जरा खाली केली, उजेडाचा गोल त्यांच्या पावलापुढे पडला की नाही याचा अंदाज घेतला, आणि पुढचं पाऊल टाकलं.

"पायरी आहे, साहेब."